तीन माणसं, तीन वेळा, एक आरसा

आमच्या आरशात खोट आहे, असं त्या तज्ज्ञाने चहाचा कप हातात असताना सांगितलं. कप खाली ठेवायचीही तसदी त्याने घेतली नाही, याचा मला जास्त राग आला.

आरसा म्हणजे तोंड बघायचा नव्हे, दुर्बिणीचा. अठरा इंच रुंद जाडजूड काच, मध्ये किंचित खोलगट. देवरुखातल्या आम्ही पाच-सहा जणांनी माझ्या घराच्या पडवीत ती हाताने घासून तयार केली. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. बाकीच्यांत एक शिंपी, एक दूधवाले, आणि एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मोहनदादा. गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, आमची शिक्षणसंस्था वेधशाळा बांधते आहे. चौथरा झाला, घुमट झाला, आरसा आमचाच बसवायचा असंही ठरलं. मग अध्यक्षांनी खात्री करून घ्यायची म्हणून परदेशी दुर्बिणी विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस बोलावला. त्याने काच त्यांच्या शहरातल्या प्रयोगशाळेत नेली, काही दिवसांनी परत आणली आणि मोजणीचा नकाशा पुढे करून निकाल दिला, की पृष्ठभाग वाकडा आहे. उभ्या दिशेने एक खोली, आडव्या दिशेने दुसरी. तारा गोल दिसायचा नाही, लांबट दिसेल. "हौशी कामात असं होतंच, मॅडम," हेही वर.

"पुढच्या बैठकीत बाहेरच्या आरशाचं नक्की करून टाकू," अध्यक्ष म्हणाले.

म्हणजे बैठकीपर्यंत आमच्या काचेची अब्रू वाचवायची होती, आणि पंचाईत अशी की मला उलट बोलायला जागा नव्हती. आम्ही आरसा तपासायचो तो दाढीच्या ब्लेडने. आरशापासून पंधरा फुटांवर बारीकसा दिवा ठेवायचा, काचेवरून परत येणारा उजेड ब्लेडच्या कडेने हळूच कापायचा, आणि काचेवर ज्या सावल्या उमटतात त्या वाचायच्या. केसाचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका उंचवटाही त्यात दिसतो. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात. पण ब्लेडची एक खोड आहे. ते एका वेळी एकाच दिशेने कापतं, म्हणून काच दोन दिशांना वेगवेगळी वाकली असेल तर ते सहज फसतं. तज्ज्ञाने नेमका तोच आरोप ठेवला होता. माझा साक्षीदार त्या बाबतीत मुका होता.

"मग दुसरा साक्षीदार बघू या ना, बाई," मोहनदादा म्हणाले. "माझी जीप हाय. भोसरीला जाऊ, तिथं काचा मोजायचं यंत्र हाय."

थेरगावमार्गे भोसरी

कुंभार्ली घाटातून आरसा घेऊन जायचं म्हणजे पोटुशी सून माहेरी नेण्यातला प्रकार. दोन गाद्यांच्या मध्ये काच, गाद्यांवर मी, आणि प्रत्येक गतिरोधकाला मोहनदादांची गणपतीला हाक. थेरगावला डांगे चौकाजवळ माझी मावसबहीण शुभा राहते. तिच्याकडे आम्ही उतरलो. तिने न विचारता आरशाला पलंग दिला आणि आम्हाला जमिनीवर गाद्या घातल्या. सोसायटीतल्या एका काकूंनी जिन्यात मला विचारलं, "कुठल्या कंपनीत?" आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी 'कुणाकडे आलात' विचारतात. मी सांगितलं, कंपनीत नाही, भांडायला आले आहे. काकूंना ते लगेच पटलं, त्यांनी मला रस्ता सांगितला.

भोसरीत बाळासाहेबांची शेड आहे. ते लेझर मशिनना लागणाऱ्या काचा पॉलिश करतात. आमची पॉलिशची पावडर त्यांच्याकडून यायची, तेवढीच ओळख, तीही फोनवरची. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, हातात दोन मोबाइल.

"ह्ये शेड हाय ना ताई, हितं आमचं वांग्याचं रान व्हतं," त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. "आजा म्हणायचा, जमिनीत जे लावाल ते पिकंल. आता काच पिकती."

त्यांच्याकडे इंटरफेरोमीटर आहे. नाव भारदस्त आहे, कल्पना सोपी आहे. लेझरचा उजेड दोन वाटांनी पाठवायचा, एक वाट तपासायच्या आरशावरून, दुसरी एका खात्रीच्या काचेवरून. परत आल्यावर दोन्ही एकमेकांत मिसळले की पडद्यावर तांबडे-काळे पट्टे उमटतात. पट्टे कसे वळतात ते पाहून आरसा कुठे उंच, कुठे सखल ते संगणक सांगतो. ब्लेडपेक्षा त्याचा मोठेपणा हा, की तो एका नजरेत चहूदिशांचं बघतो. मला हवा होता तो साक्षीदार हाच.

पण पट्टे दिसेनात. म्हणजे दिसायचे आणि थरथरून पुसले जायचे. शेजारच्या गाळ्यात प्रेस होता, पत्रे ठोकणारा. धप्प, धप्प. प्रत्येक ठोक्याला जमीन हलायची आणि जमिनीबरोबर आमचा निकाल.

"आज न्हाई जमायचं," बाळासाहेब म्हणाले. "गुरुवारी या. गुरुवारी आख्खी एमआयडीसी झोपती."

तिथे आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. आमच्याकडे गुरुवार दत्ताचा, यांच्याकडे प्रेसच्या सुट्टीचा. मी हट्टाला पेटले, म्हटलं दोन ठोक्यांच्या मध्ये एक तरी चित्र घ्या. त्यांनी घेतलं. पडद्यावर रंगीत नकाशा आला. काच वाकडीच दिसत होती. तज्ज्ञाने सांगितलं तितकी नाही, त्याच्या निम्मी, पण वाकडी.

"काच खोटं बोलत न्हाई, ताई," बाळासाहेब हळूच म्हणाले.

"काच नसेल बोलत. तुमचं यंत्र बोलतं. आणि त्या तज्ज्ञाचंही. दोन यंत्रं, दोन आकडे. दोघांपैकी एक तरी खोटारडं आहेच ना?"

त्यांना ते लागलं. समोरच्या माणसाच्या शेडमध्ये, त्याचा चहा पिऊन त्याच्या यंत्राला खोटारडं म्हणू नये एवढं मलाही कळतं. पण दोन वर्षं मी त्या काचेवर हात फिरवला होता, आणि गप्प बसणं मला त्या क्षणी जमलं नाही.

"आमचं यंत्र खोटं न्हाई," ते म्हणाले. "पायजेल तर उद्या चाकणला जावा. प्रज्ञा मॅडम हाय तिथं, कार पार्टच्या कंपनीत मोजमापाची खोली तिच्याच ताब्यात. आमचा माल पास-नापास तीच करती. भल्याभल्यांना रडावती ती."

रागावलेल्या माणसाने जेवायला नेऊ नये, पण त्यांनी नेलं. लातूरकडच्या लोकांनी चालवलेली खानावळ, शिफ्ट सुटलेल्या पोरांनी खच्चून भरलेली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, इतकी तिखट की मोहनदादांनी टोपी काढून घाम पुसला. त्यांनी भात मागितला. वाढप्याने वाटीभर भात आणला, तोही सगळ्यांत शेवटी. "एवढ्याशा भातावर ही माणसं एवढी यंत्रं चालवतात?" मोहनदादा मला कुजबुजले. बाळासाहेबांनी ते ऐकलं आणि दिवसात पहिल्यांदा हसले.

चाकण

दुसऱ्या दिवशी चाकणच्या चौकात आम्ही कंटेनरांच्या रांगेत इतका वेळ उभे होतो की शेजारच्या ट्रकवाल्याने मोहनदादांना कांदा-मिरची आणि पाव दिला. कंपनीच्या फाटकावर वेगळंच नाटक. चप्पल घालून आत जाता येत नाही म्हणून सुरक्षारक्षकाने मला लोखंडी टोकाचे बूट दिले. एक आठ नंबरचा, दुसरा नऊ. "काच अलाऊड न्हाई मॅडम," तो म्हणाला, आणि प्रज्ञाने आतून फोन केल्यावर, "काच अलाऊड हाय, पण रिटर्नेबल लिहावं लागंल." मी म्हटलं, लिहा बाबा, आम्हाला ती परतच न्यायची आहे. ते बूट घालून, गादीत गुंडाळलेला आरसा धरून, फटक फटक करत मी त्या चकचकीत इमारतीत शिरले.

प्रज्ञा पस्तिशीची असेल. तिचे वडील पिंपरीत कारखान्यात होते. "आमच्या घरी खेळायला भातुकली नव्हती, व्हर्नियर होता," असं तिने सांगितलं. तिच्या खोलीत थंडी वाजेल इतकं वातानुकूलन, आणि मधोमध ग्रॅनाइटच्या ओट्यावर पुरुषभर उंचीचं यंत्र. त्याच्या टोकाला माणकाचा मणी. तो मणी वस्तूला हळूच टेकवायचा, जागा टिपायची, पुढे सरकायचं. असे शेकडो स्पर्श करून यंत्र सांगतं की वस्तू नकाशाबरहुकूम आहे की नाही. मी आरशासमोर आडवी उभी राहिले. दोन वर्षं पॉलिश केलेल्या पृष्ठभागाला माणिक टेकवू द्यायला माझी तयारी नव्हती.

"घाबरू नका, मी टेकवणारच नाही," ती म्हणाली. "आमचं मशिन या भांडणात पडू शकत नाही. तुम्ही ज्या फरकाबद्दल बोलताय तो याला दिसतच नाही. हा मणाचा काटा आहे, आणि तुम्ही गुंज मोजायला आलात."

एवढं मोठं यंत्र, आणि आमच्या ब्लेडपुढे आंधळं! मला खरं तर हुरूप यायला हवा होता, पण मी कोणत्या तोंडाने परत जाणार, हेच डोक्यात होतं. तज्ज्ञ सांगतो ते मान्य करा असंच जो तो सांगणार. मी म्हटलं, "म्हणजे इथेही नाही. मग सांगा, मी कुणाकडे जाऊ?"

प्रज्ञाने उलट विचारलं, "त्या तज्ज्ञांनी किती वेळा मोजलं?"

"एकदा."

"कोणी?"

"त्यांनीच."

"काच स्टँडवरून काढून परत लावली? फिरवून?"

"तसं काही बोलले नाहीत."

ती खुर्चीत मागे टेकली आणि खळखळून हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "जय भीम काका, कामात आहे, नंतर करते," म्हणून तिने तो ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"ताई, आमच्याकडे कस्टमरने पार्ट रिजेक्ट केला ना, तर आम्ही पार्टला हात लावत नाही. आधी गेज, म्हणजे मोजायचं साधन तपासतो. एकच पार्ट, तीन माणसं, प्रत्येकाने तीनदा मोजायचा. दर वेळी काढायचा, परत लावायचा. दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही. आकडे जर माणसागणिक बदलले, तर दोष पार्टचा नाही, मोजण्याचा. एका माणसाने एकदा मोजून नापास केलेला साधा ब्रॅकेटसुद्धा मी परत घेत नाही. आणि तुम्ही आरसा परत घेतला?"

मला तिथेच तिला मिठी मारावीशी वाटली. पायात ते बूट नसते तर मारलीही असती.

"गुरुवारी माझी सेकंड शिफ्ट आहे," ती म्हणाली. "सकाळी भोसरीला येते. बाळासाहेबांच्या यंत्राची परीक्षा घ्यायला मला आवडेलच."

गुरुवारची भोसरी

गुरुवारी भोसरी ओळखू येईना. शटर खाली, रस्ता रिकामा, कुत्री मधोमध पसरलेली. प्रेस गप्प. आम्ही आरसा स्टँडवर चढवला, बाळासाहेबांनी उदबत्ती लावली, यंत्राचं बटण दाबलं, आणि वीज गेली.

"गुरुवार हाय ना," बाळासाहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "लाइनचं मेंटेनन्सबी आजच असतं." जनरेटर लावला तर तो प्रेसपेक्षाही जास्त थरथरवायचा. मोहनदादा बाहेर गेले, जीपचं बॉनेट उघडलं, बॅटरी काढून आणली आणि लेझरला जोडून दिली. संगणक त्याच्याच बॅटरीवर चालला. अख्ख्या भोसरीत वीज नव्हती आणि पडद्यावर तांबडे पट्टे दगडावर कोरल्यासारखे स्थिर उभे राहिले.

मग तीन माणसं, तीन वेळा. आरसा उभा धरायला स्टँडला दोन्ही बाजूंनी चिमटे होते. आधी प्रज्ञाने लावला. तिची पद्धत पाहण्यासारखी. चिमटे असे आवळले की टक्क आवाज आला. "पार्ट हलला तर रीडिंग कसलं?" तिच्या जगात जी वस्तू घट्ट बसली नाही ती मोजायचीच नाही. नंतर बाळासाहेबांनी, मध्यम. मग मी, अगदी सैल, आम्ही पडवीत ठेवायचो तसा, जेमतेम पडणार नाही एवढा. प्रत्येकाने काढला, फिरवला, परत लावला. ज्याची पाळी तोच संगणकापुढे, बाकीचे दाराबाहेर.

शेवटी सगळे नकाशे शेजारी शेजारी उघडले.

प्रज्ञाचे तिन्ही भयंकर वाकडे. थेट तज्ज्ञाच्या नकाशासारखे, जणू त्याचीच छापील प्रत. बाळासाहेबांचे त्याच्या निम्मे. माझे त्याहून कितीतरी कमी. आणि काच फिरवली तरी वाक काचेबरोबर फिरला नव्हता. तो चिमट्यांच्या रेषेतच राहिला होता. दोष काचेत असता तर काच फिरल्यावर तोही फिरला असता.

"मी वाकवला," प्रज्ञा म्हणाली. "माझ्या हातांनी."

"आन मी बी," बाळासाहेब म्हणाले. "लहान काचांना ह्ये चिमटं चालत्यात. मोठीला न्हाई. ह्ये माज्या ध्यानात यायला पायजे व्हतं राव."

इतके दिवस मी ज्याला शिव्या घालत होते तो तज्ज्ञ बदमाश नव्हता कदाचित. त्याने काच घट्ट धरली होती, इतकंच. पण घट्ट धरून, एकदाच बघून, चहा पीत त्याने आमची दोन वर्षं मोडीत काढली होती. त्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आता चिमट्याशिवाय काच उभी कशी धरायची? प्रज्ञाच्या स्कूटरच्या मागे डबा बांधायला सीटबेल्टचा रुंद पट्टा होता. चाकणात तो तयार होतो, विणीत चूक झालेला माल बाहेर पडतो, आणि लोक त्याने काय वाटेल ते बांधतात. मोहनदादांनी तो स्टँडवरून झोळीसारखा सोडला आणि त्यात आरसा बसवला, खालून सगळीकडे सारखा टेकलेला, कुठेही आवळलेला नाही. पुन्हा तिघांनी, पुन्हा तीनदा. या वेळी सगळ्यांचे नकाशे एकमेकांना ओळखत होते. वाक गेला होता. मी मोठ्याने ओरडले, बाहेरचं कुत्रंही उठून बसलं.

"थांबा," प्रज्ञा म्हणाली. "हे बघा."

प्रत्येक नकाशात, कडेला, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या रुंदीचं एक कडं खाली झुकलेलं दिसत होतं. कुणीही मोजा, कसंही फिरवा, ते तिथेच होतं.

"हाही पट्ट्याचा दोष असेल," मी म्हटलं. मला ते मान्य करायचंच नव्हतं.

"ताई, हे मात्र तुमचं."

मी पिशवीतून ब्लेड काढलं, दिवा लावला, आणि पंधरा फुटांवर डोळा लावून बसले. ब्लेडलाही ते दिसलं. काठाशी बारीक उजळ रेघ, आम्ही पडवीत तिला उजेडाचा खेळ म्हणून सोडून दिलं होतं. दोन वेगळ्या जातीची यंत्रं एकाच जागी एकच गोष्ट सांगत होती. आता वाद घालण्यात अर्थ नव्हता. वाईट वाटलं, पण आदल्या दिवसांचं वाईट वाटणं वेगळं होतं. हे माझ्या हाताचं होतं.

"पुन्हा घासायचं?" बाळासाहेबांनी विचारलं.

"नाही. काठ काळा रंगवायचा. उजेड तिथून यायलाच नको. अठरा इंचांचा आरसा सतराचा होईल."

त्यांनी स्वतः रंग आणून दिला. निघताना पट्टा मी मागून घेतला. प्रज्ञा म्हणाली, "घेऊन जा. तोही रिजेक्टच आहे."

देवरुख

बैठकीत मी आरसा टेबलावर ठेवला आणि जे घडलं ते सांगितलं. अध्यक्षांनी काळ्या कड्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"ही आमची चूक. खरी आहे, म्हणून दिसेल अशी ठेवली आहे. तज्ज्ञांनी दाखवलेली आमची नव्हती, ती त्यांच्या चिमट्याची होती."

"ताई, तुमचं कौतुक आहे. पण बाहेरचा आरसा म्हणजे खात्रीचा."

"मग आणा," मी म्हटलं. "त्यालाही याच पट्ट्यात बसवू. तीन माणसं, तीन वेळा, फिरवून. आमच्याहून चांगला निघाला तर मी स्वतः घुमटात नेऊन बसवीन."

कंपनीला तसं कळवलं. उत्तर आलं, की विकण्यापूर्वी कंपनीचा आरसा कंपनीच्या स्टँडबाहेर तपासायला देता येत नाही. अध्यक्षांनी ते उत्तर दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि वेधशाळेची किल्ली मोहनदादांच्या हातात दिली.

आता सड्यावर आमचा आरसा आहे, काळ्या काठाचा, सतरा इंचांचा. तारे गोल दिसतात. आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आढ्याला तो सीटबेल्टचा पट्टा अजून लटकतो आहे. शिपाई दर महिन्याला विचारतो, बाई, हा काढू का? मी काढू देत नाही. त्यात बसवायला कंपनीने अजून त्यांचा आरसा आणलेला नाही.